दिव्याखालची पाखरे

कोकण किनाऱ्यावरच्या दीपगृहांची माहिती जमवण्याचा नाद मला लागून आता अठरा वर्षे झाली. रत्नागिरीत माझे झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. दुसऱ्यांचे प्रबंध बांधून देता देता ते वाचायची सवय लागली आणि वाचता वाचता आपणही काही शोधावे असे वाटू लागले. रत्नदुर्गाजवळची बत्ती लहानपणापासून रोज बघत आले होते, म्हणून विषय तोच धरला.

सहा वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका निवृत्त दीपगृह कर्मचाऱ्यांना भेटायला गेले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण स्मरणशक्ती लख्ख. मी वही उघडून माझे ठरलेले प्रश्न विचारले. भिंग कुठल्या बनावटीचे, रात्रीला तेल किती लागे, मनोरा किती उंच, पाळी किती तासांची. त्यांनी सगळ्याची उत्तरे दिली. मी निघताना ओटीवर उभे राहून ते सहज म्हणाले, "पावस सरता सरता रातीची पाखरां येवन काचेर आपटत. सकाळी उठान झाडूची." मी चपला घालत होते. विचारले, "कुठली पाखरं?" ते हसले. "बाय, त्येचां काय लिवतलंस?"

मीही हसले आणि वही पिशवीत टाकली. दीपगृहाच्या इतिहासात पाखरांना कुठे जागा द्यायची, हे मला तेव्हा कळले नाही. ते कळले गेल्या वर्षी जूनमध्ये, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेटावर. तोवर ते आजोबा गेले होते.

मे नावाचे बेट

माझी मुलगी एडिंबऱ्याला नोकरी करते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "आई, किल्ला बघू, राजवाडा बघू." मी म्हटले, "मला एखादं दीपगृह दाखव." तिने शोधून 'आयल ऑफ मे' काढले. बेटावर एक नव्हे, तीन दीपगृहे आहेत, असे वाचले आणि मी बाकीची यादी बाजूला ठेवली.

या नावाचा मे महिन्याशी संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत कुरव पक्ष्यासाठी जो शब्द होता त्यावरून ते आले, असे मानले जाते. म्हणजे 'कुरवांचे बेट'. फोर्थ नदी समुद्राला मिळते तिथे मोठी रुंद खाडी आहे आणि तिच्या तोंडाशी हे बेट पहारेकऱ्यासारखे आडवे पडले आहे. लांबी दोन किलोमीटरच्या आत, रुंदी अर्ध्या किलोमीटरहूनही कमी. अँस्ट्रदर या मासेमारीच्या गावातून लाँच सुटते आणि पाऊण तासात पोहोचवते. बंदरात जाळ्यांचा नि माशांचा वास आला तेव्हा क्षणभर मिरकरवाड्यात उभी असल्यासारखे वाटले. फक्त गारठा जानेवारीतल्या महाबळेश्वरचा.

बेट जवळ येऊ लागले तसे पाणी पक्ष्यांनी भरून गेले. काळ्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, लाल-निळ्या-पिवळ्या चोचीचे पफिन पाण्यावरून फडफडत जात होते. पंख इतके आखूड की हा पक्षी उडतो कसा याचेच नवल वाटावे. कड्यांवर गिलेमॉट आणि रेझरबिल खांद्याला खांदा लावून उभे. किटिवेक नावाचे लहान कुरव स्वतःचेच नाव घेऊन ओरडत होते. धक्क्यावर उतरलो तर सुरय डोक्यावर चाल करून आले. त्यांची घरटी वाटेच्या कडेलाच होती. तिथल्या माणसाने सांगितले, हात डोक्याच्या वर धरा, सुरय सगळ्यांत उंच भागावर चोच मारतो. आम्ही सगळे हात वर करून, शरण आलेल्या सैनिकांसारखे बेटावर शिरलो.

वाट सोडायची नाही, ही दुसरी सूचना. पफिन जमिनीत बीळ करून त्यात एकच अंडे घालतो. बेटाची माती आतून पोखरलेली आहे. पाऊल वाटेबाहेर पडले तर खालचे घर पिल्लासकट बसते.

कोळशाचा दिवा

बेटाच्या माथ्यावर एक बुटकी, पांढरी, चौकोनी इमारत आहे. दीपगृह म्हणून कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. पण स्कॉटलंडमधले पहिले कायमचे दीपगृह ते हेच. १६३५ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने त्याची सनद दिली आणि पुढच्या वर्षी ते पेटले. तेव्हा मनोरा सुमारे चाळीस फूट उंच होता आणि त्याच्या गच्चीवर लोखंडी शेगडीत उघडा कोळसा जळत असे. तीन माणसे रात्रभर कोळसा वर चढवत. वर्षाला सुमारे ४०० टन कोळसा लागे. त्याचा खर्च जहाजांच्या वजनावर कर लावून काढत, आणि परक्या जहाजांना तो दुप्पट असे. इंग्लंडची जहाजेही त्यात परकी धरली जात.

या दिव्याने किती खलाशी वाचवले ते सांगता येणार नाही, पण जवळच्या माणसांचा त्याने कसा जीव घेतला ते नोंदले गेले आहे. १७९१ च्या जानेवारीत वादळामुळे काही दिवस बेटाकडे होडी गेली नाही. जेव्हा गेली, तेव्हा जॉर्ज अँडरसन हा दिव्याचा रखवालदार, त्याची बायको आणि पाच मुले खोलीत मेलेली आढळली. वर्षानुवर्षांची राख मनोऱ्याच्या पायथ्याशी ढीग करून टाकली जाई. त्या ढिगाने आतल्या आत पेट घेतला होता आणि वाऱ्याने त्याचा विषारी धूर खोलीत कोंडला होता. अकरा महिन्यांची एक मुलगी तेवढी जिवंत सापडली.

उघड्या आगीची दुसरी अडचण म्हणजे ती दुसऱ्या कुठल्याही आगीसारखीच दिसते. १८१० च्या डिसेंबरात ब्रिटिश आरमाराच्या 'निंफ' आणि 'पॅलास' या दोन युद्धनौकांनी किनाऱ्यावरच्या चुन्याच्या भट्टीचा जाळ पाहून तो मे बेटाचा दिवा समजला आणि त्या डनबारजवळ खडकांवर चढल्या. त्यानंतर १८१४ मध्ये दीपगृह मंडळाने हे बेट दिव्यासकट ६०,००० पौंडांना विकत घेतले. रॉबर्ट स्टिव्हन्सन या अभियंत्याने १८१६ मध्ये नवे दीपगृह उभारले. ते आजही उभे आहे आणि एखाद्या लहानशा गढीसारखे दिसते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टिव्हन्सन या अभियंत्याचा नातू.

जुना मनोरा पाडायचा बेत होता. १८१४ मध्ये दीपगृह मंडळाबरोबर समुद्रप्रवासाला निघालेला वॉल्टर स्कॉट बेटावर उतरला होता. हरिभाऊ आपट्यांच्या काळात ज्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जात, तोच हा. त्याने सुचवले की मनोरा पुरता पाडू नका, अर्धा ठेवा, भग्न अवशेष म्हणून शोभेल. म्हणून तो बुटका तुकडा शिल्लक राहिला. १८४४ मध्ये जवळच एक ठेंगणे दीपगृहही बांधले गेले. दोन्ही दिवे एका रेषेत दिसले की खलाशांना दडलेल्या खडकाची जागा कळे.

इथवरची हकीगत माझ्या वहीत नेहमीसारखी उतरली. सनद, उंची, कोळसा, किंमत. माझ्या कामाची हीच रीत होती.

सकाळी झाडायची पाखरे

नव्या, बंदिस्त, भिंगाच्या दिव्याने माणसे मरायची थांबली. पक्षी मात्र मरू लागले. शरद ऋतूत उत्तर युरोपातले लाखो पक्षी रात्रीचे समुद्र ओलांडून दक्षिणेकडे निघतात. चांदण्या रात्री ते दिव्याची पर्वा करत नाहीत. पण आभाळ भरलेले असेल, चंद्र नसेल, भुरभुर पाऊस नाहीतर धुके असेल, तर दिव्याचा झोत त्यांना धरून ठेवतो. ते त्याभोवती घिरट्या घालतात, दमतात, काचेवर आदळतात. सकाळी मनोऱ्याच्या पायथ्याशी चंडोल, कस्तुर, मैना यांचा सडा पडलेला असतो.

हे वाक्य मी बेटावरच्या माहितीघरात, काचेच्या चौकटीत लावलेल्या मजकुरात वाचले आणि तिथेच थांबले. ओटीवरचे आजोबा आठवले. पाऊस सरताना. रातीची. सकाळी झाडूची.

फरक एवढाच की इथल्या झाडणाऱ्या माणसांना कुणीतरी विचारले होते. १८७९ मध्ये हार्वी-ब्राउन आणि कॉर्डो या दोन पक्षीप्रेमींनी ब्रिटनच्या शंभरावर दीपगृहांना आणि दीपनौकांना छापील तक्ते पाठवायला सुरुवात केली. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, हवामान, पक्ष्याची जात, संख्या. माहीत नसेल त्या पक्ष्याचा एक पंख पाकिटात घालून पाठवा. ब्रिटिश असोसिएशनने या कामासाठी समिती नेमली आणि १८८७ पर्यंत हे तक्ते दरवर्षी भरून येत राहिले. भरणारे रखवालदार कुणी शास्त्रज्ञ नव्हते. पगार दिवा सांभाळण्याचा होता, तक्त्याचा नव्हता. मे बेटावरच्या जोसेफ अ‍ॅग्न्यू या रखवालदाराचे नाव त्या अहवालांतून येते, ते याच कामामुळे. पक्षी कुठून कुठे, कधी आणि कुठल्या वाऱ्यावर जातात याची ब्रिटनमधली पहिली पद्धतशीर माहिती अशी पहाटेच्या झाडलोटीतून जमली.

दोघीजणी

या तक्त्यांचा वारसा पुढे चालवला तो दोन मैत्रिणींनी. लिओनोरा रिंटूल आणि एव्हलिन बॅक्स्टर, दोघी समोरच्या फाइफ किनाऱ्यावरच्या. १९०७ च्या सप्टेंबरात त्या पहिल्यांदा मे बेटावर राहायला आल्या, तेव्हा रिंटूल बत्तीस वर्षांच्या होत्या आणि बॅक्स्टर अठ्ठावीस. पुढे १९३३ पर्यंत त्या येत राहिल्या, शरदात आणि कधी वसंतातही. इतर लोक पक्षी बघायला उन्हाळ्यात येत, घरटी गजबजलेली असताना. या दोघी येत त्या वादळी दिवसांत, बेट उजाड असताना, कारण त्यांना राहणाऱ्या पक्ष्यांपेक्षा वाटसरू पक्ष्यांत रस होता.

बरेच विद्वान तेव्हा मानत की स्थलांतर करणारे पक्षी ठरलेल्या वाटांनी जातात. मग स्कँडिनेव्हियातून दक्षिणेकडे जाणारे पक्षी स्कॉटलंडच्या या आडबाजूच्या बेटावर कसे उतरतात? दोघींनी वर्षानुवर्षांच्या नोंदी वाऱ्याच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या. वारा आग्नेयेचा किंवा पूर्वेचा असला की असे पाहुणे येतात, नसला की येत नाहीत. १९१८ मध्ये त्यांनी मांडले की हे पक्षी वाट निवडून येत नाहीत, वारा त्यांना वाहवत आणतो. स्थलांतराच्या अभ्यासात ही कल्पना पुढे महत्त्वाची ठरली. त्यांचा 'द बर्ड्स ऑफ स्कॉटलंड' हा दोन खंडांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. त्याच वर्षी रिंटूल वारल्या.

त्या खात्यापित्या घरच्या होत्या, फुरसत होती, हे खरे. माझ्यासारखे दुकान बंद करून बोटीत बसायचे नव्हते. पण शास्त्राची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. हे वाचताना मला एका महाविद्यालयातला चर्चासत्राचा दिवस आठवला. मी दीपगृहांवर निबंध वाचला होता. अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या पदवीचा, आणि उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न विचारलाच नाही. तो अपमान मी पुष्कळ दिवस जपून ठेवला. मे बेटावर उभी असताना ध्यानात आले, की मीसुद्धा त्या आजोबांना तेच केले होते. त्यांच्या वाक्यानंतर खोदून विचारले नाही. पाखरे हा माझ्या विषयाचा भाग नाही, हे मी त्यांच्याऐवजी ठरवून टाकले.

मोजणारे बेट

बॅक्स्टर-रिंटूल यांच्या मागून आलेल्या तरुणांनी १९३४ मध्ये बेटावर पक्षीनिरीक्षण केंद्र सुरू केले. स्कॉटलंडमधले ते पहिले. विझवून ठेवलेले ठेंगणे दीपगृह आज त्याच केंद्राकडे आहे. ज्या दिव्यावर पक्षी आदळत, त्याच्या जागी पक्ष्यांना हलकेच पकडून पायात कडी घालून सोडणारी माणसे राहतात. १९५६ मध्ये बेट राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाले. १९८९ मध्ये मोठे दीपगृह आपोआप चालू लागले, शेवटचे रखवालदार उतरले आणि बेट निसर्ग संरक्षण खात्याच्या ताब्यात आले.

मोजणी मात्र थांबली नाही. १९५० च्या दशकात इथे पफिनच्या मोजक्याच जोड्या होत्या. १९७० च्या दशकात माइक हॅरिस आणि त्यांचे सहकारी त्यांच्यामागे लागले. वसंतात वापरातली बिळे मोजायची, त्यावरून जोड्यांचा अंदाज काढायचा. २००३ मध्ये हा आकडा सुमारे ६९,००० जोड्यांवर गेला. २००८ मध्ये मोजले तर सुमारे ४१,००० च उरल्या होत्या. पाच वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाहीशा झाल्या.

बेटावर उभे राहून ही घट दिसत नाही. आम्हाला तर पफिनच पफिन दिसत होते, चोचीत रुपेरी मासळी आडवी धरून बिळात शिरणारे. ४१,००० जोड्या काय आणि ६९,००० काय, बघणाऱ्याला दोन्ही 'खूप'च. फरक वहीत दिसतो. इथल्या पक्ष्यांचे पोट बरेचसे सँड ईल या वाळूत राहणाऱ्या बारीक माशावर चालते. समुद्र तापतो तशी ही मासळी बिघडते आणि तिची औद्योगिक मासेमारीही चालू होती. या आणि अशा इतर ठिकाणच्या, दशकानुदशके भरलेल्या वह्या साक्षीला होत्या, म्हणून २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात सँड ईल पकडण्यावर बंदी आली. नोंद नसती तर 'पूर्वी जास्त होते' असे म्हणणारे म्हातारे उरले असते, आणि त्यांचे कोण ऐकतो?

परतीच्या लाँचमध्ये

परतताना मुलगी म्हणाली, "आई, तू इतकी गप्प का?" मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग आपल्याकडे कुणीच लिहिलं नाही का?"

असे नाही. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले अ‍ॅलन ह्यूम हे पक्ष्यांचेही मोठे अभ्यासक होते. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' म्हणून खडकाळ बेटांचा पुंजका आहे. १८७५ मध्ये ह्यूम तिथे उतरले. मोसम सुरयांचा नव्हता, पण खडकांवर त्यांना सुरयांची वाळून गेलेली शरीरे सापडली आणि त्यावरून त्यांनी ओळखले की ही त्यांची विणीची जागा आहे. १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली तिथे गेले आणि तिथल्या सुरयांवर नि गुहांमध्ये लाळेची घरटी करणाऱ्या पाकोळ्यांवर त्यांनी मुंबईच्या नियतकालिकात लिहिले. नंतर याच पाकोळ्यांची घरटी चोरून विकली जाऊ लागली, तेव्हा चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. म्हणजे आपल्या किनाऱ्यालाही असे बेट आहे आणि तिथेही मेलेल्या पक्ष्यांनीच पहिली बातमी दिली. पण ह्यूम एकदा आले आणि गेले. दीपगृहावरची माणसे मात्र वर्षानुवर्षे तिथे रात्री जागत होती.

रत्नागिरीला परतल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी त्या आजोबांच्या घरी गेले. मुलगा होता, साठीचा. त्याला पाखरे आठवत होती. लहान असताना दोनदा वडिलांबरोबर राहायला गेला होता. "बाबा पत्र्याच्या डब्यात गोळा करत," तो म्हणाला. "हिरव्या रंगाचं एक होतं. बाकी तपकिरी." किती असत? त्याने हात पसरून डब्याचा आकार दाखवला. आकडा नव्हता. महिना? "नवरात्राच्या आसपास असेल." वारा? तो हसला. वडिलांचेच हसू.

मी नवी वही काढली. पहिल्या पानावर आजोबांचे वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिले. खाली मुलाने सांगितलेले. पत्र्याचा डबा, हिरवे एक, बाकी तपकिरी, नवरात्राच्या आसपास. शेवटी लिहिले, 'ऐकले सहा वर्षांपूर्वी. नोंद आज.' शास्त्राच्या दृष्टीने या नोंदीची किंमत फारशी नाही. जातीचे नाव नाही, संख्या नाही, साल नाही. तरीही ती पहिली नोंद आहे, आणि दुसरी तिच्याहून बरी होईल.

या अंकाचे वाचक कोकणात, मुंबईत, गोव्यात पसरलेले आहेत. कुणाच्या घरात दीपगृहावर, बंदरावर, तरीवर नोकरी केलेले कुणी वडीलधारे असतील, तर यंदा दिवाळीला घरी जाल तेव्हा फराळानंतर त्यांच्याजवळ बसा आणि रात्रीच्या पाखरांचे विचारा. ते म्हणतील, त्यात काय लिहायचे. तरी लिहा. तारीख, महिना, वारा, पाऊस, किती, कुठल्या रंगाची. आठवेल तेवढे.